विश्लेषण : दोनदा जगज्जेता ठरलेला क्रेव्हन दुय्यम लीगच्या ट्रॅकवर का गेला होता?

ब्रिटिश स्पीडवेमध्ये 1963 च्या मोसमात दोन स्वतंत्र लीग चालू होत्या. वरच्या नॅशनल लीगमध्ये मँचेस्टरचा बेल व्ह्यू संघ विजेता ठरला, तर दुसऱ्या स्तरावरच्या प्रोव्हिन्शियल लीगमध्ये वुल्व्हरहॅम्प्टन. पण हा मोसम आजही आठवला जातो तो पीटर क्रेव्हनच्या मृत्यूमुळे. वरच्या लीगमधला हा सर्वांत लाडका स्वार खालच्या लीगमधल्या एका संघाच्या मैदानावर, मैत्रीपूर्ण लढतीत कोसळला.

स्पीडवे म्हणजे नेमके काय?

लंबगोल ट्रॅक, त्यावर दगडाची बारीक भुकटी, चार स्वार आणि चार फेऱ्या. एक शर्यत जेमतेम मिनिटभरात संपते. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक आणि शेवटच्याला भोपळा. मोटारसायकल 500 सीसीची आणि मिथेनॉलवर चालणारी. तिला गिअर एकच असतो आणि ब्रेक नसतात. वळणावर वेग आवरायचा तो मागचे चाक बाहेर घसरवून आणि पोलादी तळ लावलेला डावा बूट जमिनीला टेकवून. ब्रेक का नाहीत, असा प्रश्न नवख्या प्रेक्षकाला हटकून पडतो. मागून येणारे तिघे काही हातांवर असताना पुढच्याने अचानक ब्रेक दाबला तर काय होईल, याचा विचार केला की उत्तर मिळते. पण याच कारणामुळे समोर कोणी अडखळले तर मागच्याकडे बाजूला वळण्याखेरीज दुसरा मार्ग उरत नाही.

क्रेव्हन कोण होता?

जन्म 21 जून 1934, लिव्हरपूल. बांधा किरकोळ, उंची कमी. लिव्हरपूलच्या स्टॅनली ट्रॅकवर त्याने सुरुवात केली तेव्हा तिथला संघ दुसऱ्या श्रेणीतच होता. म्हणजे दुय्यम स्तर त्याला परका नव्हता. पोरसवदा वयात पडत-धडपडत तो शिकला तो तिथेच. पुढे तो बेल व्ह्यूकडे आला आणि अखेरपर्यंत तिथलाच राहिला. प्राणिसंग्रहालय आणि करमणुकीच्या बागेच्या आवारातले ते हाइड रोडचे स्टेडियम त्याच्यामुळे भरू लागले.

यंत्र दांडगे आणि स्वार चिमुकला, असा हा जोड होता. ताकदीने मोटारसायकल दाबून धरणे त्याला शक्य नव्हते. म्हणून तो अंगाचा भार क्षणोक्षणी इकडून तिकडे टाकत तिला वळवायचा. इतर जण खोगिरात बसून ज्या वळणावर झगडत, तिथे तो जवळजवळ उभा राहून, कठड्याला खेटून निघून जायचा. तोल सांभाळणारा जादूगार, हे बिरुद त्याला चिकटले ते यामुळे.

जगज्जेतेपद तेव्हा एकाच रात्री ठरत असे. वेम्बलीवर सोळा स्वार, प्रत्येकाच्या पाच शर्यती, कमाल 15 गुण. 1955 मध्ये अवघ्या 21 व्या वर्षी क्रेव्हनने 13 गुणांसह बाजी मारली. 1960 मध्ये तो, स्वीडनचा ओव्ह फंडिन आणि न्यूझीलंडचा रॉनी मूर तिघेही 14 गुणांवर थांबले. फेरशर्यतीत फंडिन पहिला आला, क्रेव्हन तिसरा. 1962 मध्ये मात्र 14 गुण मिळवून त्याने बॅरी ब्रिग्ज आणि फंडिन यांना मागे टाकले.

मग दुसरी लीग कशासाठी?

युद्धानंतर ब्रिटनमध्ये स्पीडवेला तुफान गर्दी होई. पन्नाशीच्या दशकात ती ओसरली. घरोघरी दूरचित्रवाणी आली होती, करमणूक कराचा बोजा होताच. ट्रॅक एकामागोमाग बंद पडले आणि 1957 पर्यंत दोन श्रेणी एकत्र करण्याची वेळ आली. अशा वेळी काही आयोजकांनी 1960 मध्ये कमी खर्चाची प्रोव्हिन्शियल लीग उभारली. पहिल्याच वर्षी तिच्यात दहा संघ होते. बंद पडलेली गावे पुन्हा जागी झाली. एडिनबरोचे ओल्ड मेडोबँक हे त्यातलेच एक. 1963 मध्ये उलटेच चित्र होते. मानाच्या नॅशनल लीगमध्ये अवघे सात संघ उरले होते आणि दुय्यम म्हणवली जाणारी लीग संख्येने मोठी होती.

सात संघांच्या लीगमधून किती सामने निघणार? स्वारांची कमाई शर्यतीमागे आणि गुणामागे. त्यामुळे वरच्या संघांनी खालच्या संघांशी मैत्रीपूर्ण लढती खेळणे दोघांच्याही सोयीचे होते. छोट्या शहराला जगज्जेता पाहायला मिळे, मोठ्या संघाला सामना मिळे. 20 सप्टेंबर 1963 च्या शुक्रवारी बेल व्ह्यूचा संघ एडिनबरोत होता तो अशाच एका लढतीसाठी. लीगच्या गुणतक्त्यात तिची नोंद होणार नव्हती.

त्या रात्री काय घडले?

एका शर्यतीत क्रेव्हनच्या पुढे असलेला एडिनबरोचा स्वार अडचणीत आला. त्याला वाचवण्यासाठी क्रेव्हनने मोटारसायकल वळवली आणि तो कठड्यावर आदळला. डोक्याला जबर मार बसला होता. चार दिवसांनी, 24 सप्टेंबरला, एडिनबरोतच त्याचा मृत्यू झाला. वय 29. मागे पत्नी आणि लहान मुले होती.

खेळाची घडी मात्र दुसऱ्याच कारणाने बदलली. साउदॅम्प्टनचा ट्रॅक बंद झाला, वुल्व्हरहॅम्प्टनने वरच्या लीगमध्ये जाण्यास नकार दिला आणि 1964 चा अख्खा मोसम प्रोव्हिन्शियल लीग नियामक मंडळाची मान्यता नसताना खेळली. अखेर लॉर्ड शॉक्रॉस यांच्या चौकशीनंतर 1965 मध्ये दोन्ही मिळून 18 संघांची ब्रिटिश लीग झाली. म्हणजे एडिनबरो आणि बेल व्ह्यू हे दोन वर्षांच्या आतच एका लीगमध्ये समोरासमोर आले.

बेल व्ह्यूने क्रेव्हनच्या नावाने स्मृतिशर्यत सुरू केली. त्याच्यानंतर इंग्लंडला जगज्जेता मिळायला 1976 उजाडावे लागले. तो पीटर कॉलिन्सही बेल व्ह्यूचाच. दुसऱ्यांदा जगज्जेता होण्याची क्रेव्हनची बरोबरी करणारा इंग्लिश स्वार, टाय वॉफिंडन, तर थेट 2015 मध्ये आला. ओल्ड मेडोबँकवर 1967 नंतर शर्यती झाल्या नाहीत. 1970 च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी तिथे नवे स्टेडियम उभे राहिले.