नामदार गोखले : शाळा आणि महाविद्यालय यांमधली वाट

गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा ही शाळेची अखेर होती आणि विद्यापीठाचा उंबरठाही. विद्यार्थी तयार करावयाचे ते शाळेने, परीक्षा घ्यावयाची ती विद्यापीठाने, आणि या दोघांची गाठ पडावयाची ती केवळ उत्तरपत्रिकेत, अशी ही व्यवस्था होती. परीक्षा पार पडली म्हणजे महाविद्यालयातील अध्ययन झेपेलच, याची हमी ती देत नव्हती.

गोपाळ कृष्ण गोखले १८८१ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, हा उंबरठा ओलांडून गेले. रस्त्यावरील दिव्याखालच्या अभ्यासाची कथा सर्वांनाच पाठ आहे. तिच्यापेक्षा बोलका आहे तो त्यांच्या घरचा हिशेब. १८७९ मध्ये वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव अवघे अठरा वर्षांचे; त्यांनी शिक्षण सोडून कागलला दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावाकडे ते पाठवीत राहिले. एका भावाच्या उच्च शिक्षणाचे खरे मोल दुसऱ्याच्या अर्धवट राहिलेल्या शिक्षणात मोजावे लागते. विद्यापीठाच्या शुल्कपत्रकात ही रक्कम कोठेच दिसत नाही.

कोल्हापूरचे राजाराम, पुण्याचे डेक्कन आणि मुंबईचे एल्फिन्स्टन अशा तीन महाविद्यालयांतून जात १८८४ मध्ये गोखले बी. ए. झाले. त्यांची मोठी शिदोरी पाठांतराची होती. इंग्रजी ग्रंथांची पानेच्या पाने ते मुखोद्गत करीत. पाठांतराला आज नाके मुरडली जातात. पण परकी भाषा ज्याच्या घरात कोणी बोलत नाही, त्या मुलाला ती आपलीशी करण्याचा दुसरा कोणता मार्ग तेव्हा उपलब्ध होता, हेही पाहिले पाहिजे.

१८८५ च्या आरंभी ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढच्या वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य. चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी १८८० साली काढलेल्या या शाळेच्या चालकांनी १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय सुरू केले. या योजनेतील मर्म सहसा ध्यानी घेतले जात नाही. शाळेचे प्रमुख वामन शिवराम आपटे हेच महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. टिळक, आगरकर, गोखले हे शाळेतले शिक्षकच महाविद्यालयातले प्राध्यापक झाले. पुढे काय झेपावे लागणार आहे, हे ठाऊक असलेली माणसेच खालचे वर्ग शिकवीत होती. शाळा व महाविद्यालय यांमधली दरी बुजविण्याचा याहून सरळ उपाय शोधणे कठीण. त्याची किंमतही होती : माणसे थोडी आणि विषय फार. गोखले इंग्रजी शिकवीत, गणित शिकवीत, इतिहास व अर्थशास्त्रही शिकवीत. गणितात त्यांनी काही नवे संशोधन केले नाही. परंतु बापट या सहकाऱ्यासमवेत सिद्ध केलेले त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळाशाळांतून वर्षानुवर्षे चालले, आणि पायरीपायरीने समजावण्याची त्यांची हातोटी त्यात उतरली होती.

मात्र खुद्द गोखल्यांचे खरे विद्यापीठीय शिक्षण पदवीनंतरच झाले, असे म्हणावे लागेल. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना सरकारी अहवाल वाचावयास लावले, आकडे पडताळावयास लावले, मसुदे पुन्हा पुन्हा लिहावयास लावले. १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे भारताच्या जमाखर्चावर त्यांनी दिलेली साक्ष हे त्या शिकवणीचे फळ होय. पाठांतर करणारा विद्यार्थी प्रश्न विचारणारा अभ्यासक झाला तो येथे. आणि ही संधी एखाद्यालाच मिळावी, हे त्या शिक्षणव्यवस्थेचे वैगुण्यच होते.

१९०२ मध्ये त्यांनी फर्ग्युसन सोडले. केंद्रीय विधिमंडळात त्यांनी विद्यापीठांवरील सरकारी पकड घट्ट करणाऱ्या १९०४ च्या कायद्याला विरोध केला. उच्च शिक्षणाचे क्षेत्र आकुंचित होऊ नये, अशी त्यांची भूमिका होती. त्यानंतर ते वळले ते थेट पायाकडे. १९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते सौम्य होते. सक्ती लागू करावयाची की नाही, हे त्यात स्थानिक संस्थांवर सोपविले होते. तरीही मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी ते फेटाळले गेले. त्यानंतर तीन वर्षांच्या आतच, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, पुण्यात गोखल्यांचे निधन झाले.