अवघ्या २८ डॉलरमध्ये जंगलात घर बांधून राहणाऱ्या थोरोची गोष्ट

गावापासून थोडं लांब, झाडीत, पाण्याच्या काठी एक लहानसं लाकडी घर असावं, तिथे काही दिवस कुणी हाक मारू नये, असं कधी ना कधी प्रत्येकाला वाटतं. हल्ली अशी घरं सुट्टीत भाड्यानेही मिळतात. पण पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका माणसाने असं घर स्वतःच्या हातांनी बांधलं, त्याचा पै-पैचा हिशोब लिहून ठेवला आणि जेमतेम दोन वर्षांत ते सोडूनही दिलं. त्याचं नाव हेन्री डेव्हिड थोरो.

थोरोचा जन्म १२ जुलै १८१७ रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या कॉन्कर्ड गावी झाला. वडिलांचा शिसपेन्सिली बनवण्याचा कारखाना होता. हेन्री १८३७ मध्ये हार्वर्डमधून पदवी घेऊन गावी परतला. पुढे त्याने थोरला भाऊ जॉन याच्यासोबत शाळा चालवली. १८३९ मध्ये दोघे भाऊ स्वतः बांधलेल्या होडीतून कॉन्कर्ड आणि मेरिमॅक या नद्यांच्या सफरीवर गेले. तेव्हाचे ते दिवस हेन्रीच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे म्हणावे लागतील.

मग जानेवारी १८४२ मध्ये दाढी करताना जॉनच्या बोटाला साधं कापलं, त्यातून धनुर्वात झाला आणि काही दिवसांत हेन्रीच्या मिठीतच त्याने प्राण सोडला. हेन्रीला इतका धक्का बसला की त्याच्या अंगातही धनुर्वाताची लक्षणं दिसू लागली. त्यातून तो सावरला, पण पुढे काय करायचं हे त्याला सुचेना.

त्यात १८४४ च्या एप्रिलमध्ये आणखी एक आपत्ती ओढवली. मित्रासोबत फिरायला गेला असताना मासे शिजवायला त्याने चूल पेटवली. ती आग सुक्या गवताला लागली आणि गावाजवळचं जवळपास ३०० एकर रान जळून गेलं. ज्याला पुढे जगाने जंगलाचा मित्र मानलं, त्याच्याकडे गावकरी बरीच वर्षं रान जाळणारा म्हणून बघत होते.

घर कसं बांधलं?

कॉन्कर्डपासून दोन-अडीच किलोमीटरवर वॉल्डन नावाचं खोल, स्वच्छ तळं आहे. त्याच्या काठची थोडी जमीन थोरोचा ज्येष्ठ स्नेही आणि विचारवंत राल्फ वाल्डो इमर्सन याने विकत घेतली होती. तिथे राहायची परवानगी त्याने थोरोला दिली.

मार्च १८४५ मध्ये थोरो उसनी कुऱ्हाड घेऊन रानात गेला. जागेवरचीच पाइनची झाडं तोडून त्याने सांगाडा तयार केला. फळ्या मात्र नव्या घेतल्या नाहीत. तळ्याजवळून नुकताच रेल्वेमार्ग गेला होता. त्यावर काम करणाऱ्या एका आयरिश मजुराची झोपडी त्याने ४ डॉलर २५ सेंटला विकत घेतली, ती मोडली आणि वाकलेल्या फळ्या सरळ व्हाव्यात म्हणून उन्हात पसरून ठेवल्या. याची दुसरी बाजूही आहे. ज्या सकाळी थोरोच्या घराला फळ्या मिळाल्या, त्याच सकाळी एक मजूर कुटुंब आपला संसार गाठोड्यात बांधून बाहेर पडलं होतं.

खिडक्या जुन्या, विटाही जुन्याच, १००० विटा ४ डॉलरला. दक्षिणेकडच्या उतारावर त्याने ६ फूट लांबी-रुंदीचं आणि ७ फूट खोल तळघर खणलं. जमिनीच्या पोटात गारठा पोहोचत नाही, त्यामुळे कडाक्याच्या थंडीतही तिथे बटाटे गोठत नसत. मे महिन्यात मित्रांच्या मदतीने सांगाडा उभा राहिला. ४ जुलैला थोरो राहायला गेला, तेव्हा धुराडंही बांधलेलं नव्हतं, स्वयंपाक बाहेरच चाले. शरद ऋतूत धुराडं झालं, थंडी सुरू झाल्यावर भिंतींना गिलावा झाला.

घर होतं १० फूट रुंद आणि १५ फूट लांब, म्हणजे १५० चौरस फूट. मुंबईतल्या बीडीडी चाळीतली खोलीसुद्धा १६० चौरस फुटांची असते! दोन्ही बाजूंना एकेक मोठी खिडकी, एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला शेकोटी. आत एक पलंग, एक टेबल, एक लिहायचं मेज आणि तीन खुर्च्या. एकूण खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. त्या काळी हार्वर्डच्या विद्यार्थ्याला एका खोलीचं वर्षाचं भाडंच ३० डॉलर पडे. डोक्यावरच्या छपरापायी माणसाने आयुष्यभर कर्ज का फेडावं, हा थोरोचा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर त्याने आकडे मांडून दिलं.

संन्यासी? अजिबात नाही

थोरो रानात एकटा तप करत होता, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो वरचेवर गावात जाई, घरी जेवे, त्याच्याकडे पाहुणेही येत. रेल्वेची शिट्टी रोज ऐकू येई. अडीच एकरांत तो घेवड्याचं पीक घेई, वर्षातले काही आठवडे मजुरी करी आणि उरलेला वेळ लिहिण्या-वाचण्यात घालवी. भगवद्गीतेचं इंग्रजी भाषांतर त्याने याच काळात वाचलं.

तळ्याचा भारताशी आणखी एक संबंध आहे. त्या काळी न्यू इंग्लंडच्या तळ्यांमधला बर्फ कापून, भुशात गुंडाळून जहाजाने मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याला पाठवला जाई. १८४६-४७ च्या हिवाळ्यात बर्फ कापणारे मजूर वॉल्डनवरही आले होते.

जुलै १८४६ मध्ये दुरुस्तीला दिलेला बूट आणायला थोरो गावात गेला, तेव्हा थकलेल्या करापायी त्याला अटक झाली. गुलामगिरी चालू ठेवणाऱ्या सरकारला तो हा कर मुद्दाम देत नव्हता. कुणीतरी कर भरला आणि एका रात्रीत तो सुटला, पण त्यातून जन्मलेला सविनय कायदेभंगावरचा निबंध पुढे दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या हाती पडला.

या झोपडीत त्याने सगळ्यात आधी लिहिलं ते जॉनसोबतच्या नदीसफरीचं पुस्तक. खरं तर ते लिहून व्हावं म्हणूनच तो इथे आला होता. ६ सप्टेंबर १८४७ रोजी, दोन वर्षं, दोन महिने आणि दोन दिवसांनी, त्याने घर सोडलं. १८४९ मध्ये पुस्तकाच्या १००० प्रती छापल्या. चार वर्षांनी प्रकाशकाने न खपलेल्या ७०६ प्रती परत पाठवल्या. थोरोने त्या पाठीवरून माळ्यावर नेऊन रचल्या. तरीही तो लिहीत राहिला. अनेक वेळा पुनर्लेखन करून १८५४ मध्ये वॉल्डन प्रसिद्ध झालं, ज्यामुळे आज जग त्याला ओळखतं.

६ मे १८६२ रोजी क्षयाने थोरो गेला. वय अवघं ४४.

आणि घर? ते त्याच्या हयातीतच एका शेतावर हलवलं गेलं, तिथे त्यात धान्य साठवलं जाई. १८६८ मध्ये ते मोडून छप्पर डुकरांच्या खुराड्यावर घातलं गेलं आणि लाकूड गोठ्याला लागलं. १९४५ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, धुराड्याचा पाया उत्खननात सापडला. आज त्या जागी घर नाही, फक्त त्याची लांबी-रुंदी दाखवणारे दगडी खांब आहेत. जुन्या सामानातून उभं राहिलेलं घर पुन्हा कुणाच्या तरी उपयोगी पडून संपलं.