आल्ड्रेड स्कॉट वॉर्थिन

अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ आल्ड्रेड स्कॉट वॉर्थिन यांचा जन्म १८६६ मध्ये इंडियाना राज्यात झाला. प्रथम संगीताचे शिक्षण घेऊन पुढे ते वैद्यकाकडे वळले आणि मिशिगन विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले.

१८९५ मध्ये शिवणकाम करणाऱ्या एका स्त्रीने त्यांना आपली व्यथा सांगितली. तिच्या घराण्यातील अनेकजण आतड्याच्या वा गर्भाशयाच्या कर्करोगाने दगावले होते आणि आपलाही अंत तसाच होणार, अशी तिची खात्री होती. पुढे गर्भाशयाच्या कर्करोगानेच ती अकाली मरण पावली. वॉर्थिन यांनी तिची भीती भ्रम मानली नाही. त्या घराण्याची वंशावळ त्यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. याच विचाराने त्यांना वंशसुधारणावादाकडे नेले, ही मात्र त्यांची मर्यादा होय.

१९३१ मध्ये ते निवर्तले. हेन्री लिंच यांनी पुढे त्याच घराण्याचा अभ्यास चालविला आणि २००० मध्ये त्यातील सदोष जनुक उमगले. ते प्रत्येक अपत्याकडे येतेच असे नाही. म्हणूनच आज रक्ततपासणी व समुपदेशन यांमुळे कुणाची भीती फिटते, तर कुणाला वेळीच सावध होता येते. त्या स्त्रीला हे दोन्ही लाभले नव्हते.