पिंपरीतला पिकांचा वैद्य

पिंपरी-चिंचवडचे नाव काढले की स्कूटर, मोटारी, ट्रक आणि त्यांचे सुटे भाग आठवतात. आता तर ही कारखान्यांची रांग भोसरी ओलांडून थेट चाकणला जाऊन भिडली आहे. मात्र या पट्ट्याला ज्या मोजक्या कारखान्यांनी प्रथम नावलौकिक दिला, त्यांतला एक औषधांचा होता. १९५४ साली भारत सरकारने जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पेनिसिलिन बनवण्यासाठी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी पिंपरीत स्थापन केली. पिंपरीकर तिला एच. ए. या दोन अक्षरांनीच ओळखतात. या कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुखपद ज्यांनी भूषवले, त्या शास्त्रज्ञाची उमेदीची वर्षे मात्र पिकांवरचे रोग ओळखण्यात गेली होती. त्यांचे नाव डॉ. मांडयम जीरसन्निधी तिरुमलाचार. वनस्पतिरोगशास्त्राच्या जगात हे नाव आदराने घेतले जाते. शास्त्रातल्या मानाच्या भटनागर पारितोषिकाचे ते मानकरी होते. तरीही ज्या गावात त्यांनी सर्वांत मोठे काम केले, तिथल्या घरांघरांत त्यांची ओळख असायला हवी होती तेवढी नाही.

तिरुमलाचार यांचा जन्म १९१४ सालचा, कर्नाटकातला. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात वनस्पतिशास्त्र विभागात असताना त्यांनी बुरशींचा अभ्यास सुरू केला. बुरशींतही त्यांचा जीव जडला तो तांबेरा आणि काणी या दोन रोगांवर. गव्हाच्या पानावर गंज चढल्यासारखी पूड दिसते तो तांबेरा. ज्वारीच्या कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरते ती काणी. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही दोन नावे पुरेशी असतात. पण प्रत्येक पिकाचा तांबेरा निराळा, प्रत्येकाची राहणी निराळी. एक तांबेरा तर अर्धे आयुष्य एका झाडावर आणि अर्धे दुसऱ्याच जातीच्या झाडावर काढतो. म्हणून आधी नेमका कोणता जीव आहे ते ठरवावे लागते. सूक्ष्मदर्शकाखाली डोळे लावून, बीजाणूंचे आकार मोजून, त्यांचे रुजणे पाहून हे काम करायचे असते. त्यात टाळ्या नसतात. डॉ. बा. भ. मुंडकूर यांच्याबरोबर तिरुमलाचार यांनी भारतातील काणीच्या बुरशींवर लिहिलेला ग्रंथ १९५२ साली प्रसिद्ध झाला. त्याआधीच, १९४४ मध्ये, काणीच्या एका नव्या प्रजातीला त्यांनी मुंडकुरांच्या नावावरून मुंडकुरेला हे नाव दिले होते. ज्येष्ठाला मान देण्याची ही शास्त्रज्ञांची रीत मला फार लोभस वाटते.

पुढे ते अमेरिकेत जाऊन आले, बनारस हिंदू विद्यापीठात शिकवू लागले आणि मध्यवर्ती बटाटा संशोधन संस्थेतही होते. बिहारमध्ये बटाटा काळा पडून कुजत होता. या कोळसा-कुजीवरचा त्यांचा निबंध १९५५ सालचा आहे. लागवडीच्या पद्धतीचा आणि या रोगाचा संबंध त्यांनी त्यात तपासला. ही बुरशी जमिनीत राहते, माती तापली की जोर धरते आणि बटाट्यापुरती थांबत नाही. ताग आणि अंबाडीसारख्या धाग्याच्या पिकांनाही तीच छळते.

पिकांच्या रोगांचा हा जाणकार औषधांच्या कारखान्यात कसा आला, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर मातीत आहे. पहिल्या पावसानंतर जो सुगंध दरवळतो, तो मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे. हे जीव शेजारच्या जीवांना रोखणारी द्रव्येही तयार करतात. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन असेच मातीतून मिळाले. मातीत वाढणाऱ्या हजारो जीवांतून एखादा उपयोगी जीव निवडायला बुरशी ओळखणारी तयार नजर लागते. ती तिरुमलाचार यांच्याकडे होती.

१९६१ मध्ये पिंपरीतून हॅमायसिन या बुरशीनाशक औषधाची माहिती प्रसिद्ध झाली. माणसाला होणाऱ्या बुरशीच्या विकारांवर ते गुणकारी होते. ज्या जीवापासून ते मिळाले, त्याचे नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आपल्या पिंपरीचे नाव असे शास्त्राच्या वहीत कायमचे नोंदले गेले. १९६४ मध्ये ऑरिओफंजिन आले, ते पिकांसाठी. त्या निबंधावर तिरुमलाचार यांच्याबरोबर रहाळकर, सुकापुरे आणि गोपालकृष्णन यांची नावे आहेत. बुरशीच्या पेशीभोवतीच्या पडद्यात एक विशिष्ट स्निग्ध द्रव्य असते. अशी औषधे त्यालाच जाऊन चिकटतात, पडद्याला भोके पडतात आणि बुरशी गळून मरते. दक्षिणेत नारळाच्या मर रोगावर २ ग्रॅम ऑरिओफंजिन सोल आणि १ ग्रॅम मोरचूद १०० मिलिलिटर पाण्यात मिसळून माडाच्या जिवंत मुळातून पाजण्याची शिफारस तमिळनाडूच्या कृषी विद्यापीठाने केली. पुढे कार्बेन्डाझिमसारखी रासायनिक बुरशीनाशके आली आणि मातीतून मिळालेली ही औषधे मागे पडली.

त्याच काळात जगात दुसरीकडे काय चालले होते, तेही पाहण्यासारखे आहे. बिअरला कडवटपणा आणणारी हॉप्सची वेल आणि आपल्याकडची भांग ही एकाच कुळातली. आपल्या देशात हॉप्स होतात ते हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात. इंग्लंड-अमेरिकेत या वेलीवर केवडा पडतो. कोंब खुरटतात, पानाखाली काळपट लव येते. रोग बुंध्याशी दडून बसतो आणि दर वसंतात नव्या कोंबाबरोबर वर येतो. वरवरची फवारणी तिथवर पोचत नाही. म्हणून १९६० च्या आसपास तिथल्या शास्त्रज्ञांनी झाडाच्या आत शिरणारे स्ट्रेप्टोमायसिन वापरून पाहिले. क्षयाच्या रोग्याचे औषध वेलीला देण्याची ही कल्पना त्या काळी आशादायक वाटली होती.

पिंपरीतही स्ट्रेप्टोमायसिन तयार होऊ लागले आणि त्यात दहा टक्के टेट्रासायक्लिन मिसळून स्ट्रेप्टोसायक्लिन हे शेतीचे औषध निघाले. त्याची ६ ग्रॅमची पुडी महाराष्ट्रातल्या कोणत्याही बागायतदाराला नवी नाही. डाळिंबावरचा तेल्या, लिंबावरचा खैऱ्या, कपाशीवरचा करपा हे जिवाणूंचे रोग. त्यांच्यासाठी ती पुडी. मी बँकेत पीककर्जाची प्रकरणे पाहत असे, तेव्हा औषधांच्या बिलांत ती हमखास दिसायची. गंमत अशी की रोग भुरी असो वा केवडा, दुकानदार ती पुडी बरोबर देऊन टाकायचा. भुरी ही बुरशी. जिवाणूंवरचे औषध तिला काही करत नाही. शेतकऱ्याचे पैसे जायचे आणि औषध मातीत मुरायचे. त्या मातीतले जिवाणू हळूहळू त्याला सरावतात आणि उद्या माणसाच्या आजारात तेच औषध लागू पडेनासे होण्याचा धोका असतो. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने शेतीतल्या या जोड-औषधावर बंदी आणण्याचा मसुदा काढला, तो याच काळजीपोटी.

या पार्श्वभूमीवर तिरुमलाचार यांच्या आयुष्याचा क्रम मला बोलका वाटतो. पूर्वार्ध रोगाला नेमके नाव देण्यात गेला, मग उत्तरार्धात औषध हाती आले. मधल्या पायरीला त्यांनी बगल दिली नाही. आपण मात्र पानावर डाग दिसला की थेट दुकान गाठतो. रोगट पान पिशवीत घालून कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयात दाखवायला फार खर्च येत नाही. वाया जाणाऱ्या फवारणीपेक्षा तर कमीच येतो.

पिंपरी सोडल्यावर तिरुमलाचार यांनी कॅलिफोर्नियात जीरसन्निधी-अँडरसन इन्स्टिट्यूट या संस्थेच्या स्थापनेत भाग घेतला. १९९९ साली त्यांचे निधन झाले. पिंपरीची बरीचशी माती आता सिमेंटखाली गेली आहे आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर मेट्रो धावते आहे. तरी कुठे एखादे मोकळे मैदान, एखादी परसबाग उरली आहे. तिथे पहिल्या पावसाचा वास आला, तर मुलांना एवढे जरूर सांगावे की या वासाच्या मागे जे जीव आहेत, त्यांतल्या एकाचे नाव आपल्या गावावरून पडले आहे, आणि ते देणारा माणूस आधी पिकांचा वैद्य होता.