डॉ. कोटणीस, सुया आणि अर्धशिशी

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या नावाने देशात काही ठिकाणी अ‍ॅक्युपंक्चरचे दवाखाने चालतात. त्यामुळे ही विद्या त्यांनीच चीनमधून आणली, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ते शल्यचिकित्सक होते.

१० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात ते डॉक्टर झाले. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि बंगालचे डॉ. विजयकुमार बसूही होते. इतर सहकारी यथाकाल मायदेशी परतले. कोटणीस मात्र आघाडीवरच राहिले. चिनी भाषा शिकले, जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. त्याच वर्षी क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. पुढच्या वर्षी मुलगा झाला. त्याचे नाव इनह्वा, म्हणजे भारत आणि चीन.

मुलगा काही महिन्यांचा असतानाच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय अवघे ३२.

अ‍ॅक्युपंक्चर भारतात रुजवले ते त्यांचे सहकारी डॉ. बसू यांनी. १९५८-५९ च्या सुमारास ते पुन्हा चीनला गेले, तेथे ही पद्धत शिकले आणि कोलकात्यात त्यांनी उपचार सुरू केले. मित्राची स्मृती आणि सुयांची विद्या अशी एकत्र आली.

या सुयांचा अर्धशिशीला, म्हणजे मायग्रेनला, उपयोग होतो का? २०१६ मध्ये २२ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर आले, असे रुग्ण खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरने शंभरात सुमारे ५० आणि नकली सुयांनी सुमारे ४१ होते. म्हणजे फायदा आहे, पण सुईचा स्वतःचा वाटा लहान आहे. उपचार अनेक बैठकींचा असतो. सुया निर्जंतुक, एकदाच वापरायच्या हव्यात.

औषधांतही पर्याय आहेत. प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलीन यांच्याबरोबर टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट ही मुळात अपस्माराची औषधेही अर्धशिशी रोखण्यासाठी देतात. दोन्ही आजारांत मेंदूच्या पेशी सहज उत्तेजित होतात. यातली कोणतीही गोळी मनाने घेऊ नये. दम्याच्या रुग्णाला प्रोप्रॅनोलॉल आणि गर्भवतीला व्हॅल्प्रोएट घातक ठरू शकते.

दवनीवाड्यासारख्या धानपट्ट्यातील गावात रोवणीच्या दिवसांत उपाशीपोटी, उन्हात काम होते. उपास, ऊन आणि अपुरी झोप अर्धशिशीला आमंत्रण देतात. मग दुकानातून वेदनाशामक गोळी आणली जाते. महिन्यात १५ किंवा त्याहून अधिक दिवस ती घेतली, तर त्या गोळीनेच डोके दुखू लागते. वेळेवर जेवण, पाणी, ठरलेली झोप आणि डोकेदुखीच्या तारखांची वहीत नोंद, हे बिनखर्चाचे उपाय आहेत.

अचानक असह्य दुखणे, तापासह मान आखडणे, हातपाय लुळे पडणे, झटका येणे किंवा पन्नाशीनंतर प्रथमच डोके दुखू लागणे, यांपैकी काहीही झाले तर सुई किंवा गोळी शोधू नये. थेट सरकारी रुग्णालय गाठावे.