४के मॉनिटरच्या आधी ३० रेषांचा पडदा होता : टीव्ही पहिल्यांदा चालवून दाखवणाऱ्या बेअर्डची गोष्ट

व्हिडीओ एडिटिंगसाठी मॉनिटर घ्यायचा म्हटलं की डोक्याचा पार भुगा होतो. रिझोल्युशन किती? रिफ्रेश रेट किती? ब्राइटनेस पुरेल का? रंग खरे दिसतील का? बरं, मॉनिटर घरी आणला म्हणजे सुटलो असंही नाही. कधी स्क्रीन लुकलुकते, कधी चित्र मधूनच फाटल्यासारखं दिसतं. मग केबल बदला, सेटिंग बदला, ग्राफिक्स कार्डाला शिव्या घाला, हे आलंच.

हे सगळे प्रश्न आपल्याला आजचे वाटतात. पण शंभर वर्षांपूर्वी एक माणूस याच प्रश्नांवर डोकं आपटत होता. फरक इतकाच, की त्याच्याकडे निवडायला एकही मॉनिटर नव्हता. तो आधी बनवायचा होता.

त्या माणसाचं नाव जॉन लोगी बेअर्ड.

१३ ऑगस्ट १८८८ चा त्याचा जन्म. गाव स्कॉटलंडमधलं हेलेन्सबर्ग आणि वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक. पोरगं लहानपणापासून आजारी. सर्दी, ताप, खोकला कायम पाठीला. ग्लासगोमध्ये त्यानं इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचं शिक्षण घेतलं. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तब्येतीमुळे सैन्यानं त्याला नाकारलं, मग तो एका वीज कंपनीत नोकरीला लागला.

पण नोकरीत मन रमेना, म्हणून गड्यानं धंदे सुरू केले. थंडीत पाय कोरडे राहावेत म्हणून बुटाच्या मोज्याच्या आत घालायचा वेगळा मोजा त्यानं विकायला काढला. तो बऱ्यापैकी चालला. मग थेट वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादला जाऊन जॅमचा कारखाना टाकला. तिथल्या किड्यांनी जॅमवर ताव मारला आणि धंदा बसला. लंडनला येऊन त्यानं साबणही विकला. तब्येतीनं मात्र दर वेळी दगा दिला. शेवटी १९२३ मध्ये, पस्तिशीच्या आसपासचा बेअर्ड हवापालटासाठी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हेस्टिंग्ज गावात येऊन राहिला.

हातात पैसा नाही, नोकरी नाही. अशा वेळी पठ्ठ्यानं ठरवलं, की आता दूरवरचं चित्र दाखवणारं यंत्र बनवायचं.

कल्पना त्याची स्वतःची नव्हती. जर्मनीच्या पॉल निपको यानं १८८४ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. एक गोल चकती घ्यायची आणि तिच्यावर गोगलगाईच्या शंखासारखी आत आत जाणारी भोकं पाडायची. चकती फिरली की प्रत्येक भोक चित्राची एकेक रेषा टिपतं. चकतीचा एक फेरा पूर्ण झाला की एक चित्र पूर्ण. त्या रेषांमधल्या उजेड-अंधाराचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करायचं आणि तो सिग्नल दुसरीकडे पाठवायचा. तिकडे तशीच दुसरी चकती फिरत असते. तिच्यामागचा दिवा सिग्नलप्रमाणे कमी-जास्त होतो आणि आपल्या डोळ्याला सलग चित्र दिसतं.

कागदावर हे सोपं होतं, पण प्रत्यक्षात कुणालाच नीट जमलं नव्हतं. बेअर्डनं मिळेल ते सामान जमवलं. चहाची खोकी, टोपीचा डबा, सायकलच्या दिव्याची भिंगं, रफू करायच्या सुया, लाख आणि दोरा. १९२४ मध्ये त्यानं एका साध्या आकृतीची सावली थोड्या अंतरावर पाठवून दाखवली. त्याच वर्षी काम करताना त्याला जबरदस्त शॉक बसला. जीव वाचला, हात भाजले आणि घाबरलेल्या जागामालकानं जागा रिकामी करायला लावली.

तिथून तो लंडनच्या सोहो भागात, २२ फ्रिथ स्ट्रीटच्या माळ्यावर आला.

आता अडचण होती उजेडाची. फिरत्या भोकांतून येणारा प्रकाश इतका कमी असायचा, की चेहरा दिसावा म्हणून त्यावर भट्टीसारखे तापणारे दिवे लावावे लागायचे. जिवंत माणूस त्यापुढे बसवणं अवघड होतं. म्हणून बेअर्डनं बोलक्या बाहुल्यांच्या खेळातलं एक डोकं आणलं आणि त्याचं नाव ठेवलं स्टुकी बिल. दिव्यांच्या उष्णतेनं त्या बाहुल्याचे केस करपले आणि रंगाला तडे गेले.

२ ऑक्टोबर १९२५ ला स्टुकी बिलचा चेहरा नुसत्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत नाही, तर मधल्या छटांसकट पडद्यावर उमटला. बेअर्ड धावत खालच्या मजल्यावर गेला आणि तिथल्या ऑफिसात काम करणाऱ्या विल्यम टेंटन या विशीतल्या पोराला ओढत वर घेऊन आला. दिव्यांचा ताप सोसेना म्हणून टेंटन मागे सरकला आणि पडदा रिकामाच राहिला. बेअर्डनं त्याच्या हातावर अर्धा क्राउन टेकवला, तेव्हा कुठे तो पुन्हा जागेवर बसला. टीव्हीवर चेहरा दिसलेला पहिला माणूस तो हाच.

२६ जानेवारी १९२६ ला बेअर्डनं रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सदस्यांना आणि टाइम्सच्या पत्रकाराला बोलावून हे सगळं दाखवलं. जगाच्या दृष्टीनं टीव्हीचा जन्म झाला.

आता या पडद्याचं स्पेसिफिकेशन बघा. रेषा फक्त ३०. आजच्या ४के स्क्रीनवर उभ्या दिशेनं २१६० ओळी असतात. पुढे बेअर्डनं ठरवलेला वेग सेकंदाला साडेबारा चित्रांचा, म्हणजे लुकलुक भरपूर. आणि गंमत म्हणजे चित्र आडवं नव्हतं. ते रीलसारखं उभं होतं, कारण एका माणसाचा चेहरा आणि खांदे त्यात बसवायचे होते.

मग त्यानं रेषा का वाढवल्या नाहीत? कारण एक वाढवलं की दुसरं कमी व्हायचं. रेषा वाढवायच्या तर भोकं लहान करावी लागतात. भोकं लहान झाली की प्रकाश कमी होतो. शिवाय जास्त तपशील पाठवायचा तर सिग्नलला जागाही जास्त लागते, आणि तेव्हाच्या मीडियम वेव्ह रेडिओवर तेवढी जागाच नव्हती. म्हणजे ३० हा आकडा हाताशी असलेल्या रेडिओ केंद्रांवरून चित्र घरोघरी पोहोचवता यावं म्हणून निघालेला हिशेब होता. आजही रिझोल्युशन, फ्रेम रेट आणि केबलची क्षमता यांची सांगड घालताना आपण हेच करतो.

पुढची काही वर्षं बेअर्डची होती. १९२७ मध्ये त्यानं टेलिफोनच्या तारेवरून लंडनहून ग्लासगोला, म्हणजे सुमारे ७०० किलोमीटरवर चित्र पाठवलं. १९२८ च्या फेब्रुवारीत चित्र अटलांटिक ओलांडून अमेरिकेत पोहोचलं. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यानं रंगीत टीव्हीही दाखवला.

याच काळात त्यानं व्हिडीओ रेकॉर्ड करायचाही प्रयत्न केला. ३० रेषांचा सिग्नल इतका लहान होता, की तो आवाजासारखा ग्रामोफोनच्या तबकडीवर कोरता यायचा. याला त्यानं नाव दिलं फोनोव्हिजन. पण यंत्राच्या थरथरीमुळे चित्र वेडंवाकडं व्हायचं आणि तबकडी परत वाजवून ते नीट दिसत नसे. बेअर्डनं नाद सोडला. त्या तबकड्या मात्र काही ठिकाणी टिकून राहिल्या. १९८० च्या दशकात डोनाल्ड मॅक्लीन या इंजिनिअरनं कॉम्प्युटरच्या मदतीनं त्यातले दोष काढले आणि १९२७ चा स्टुकी बिल पुन्हा दिसला. जगातलं सगळ्यात जुनं व्हिडीओ रेकॉर्डिंग म्हणतात ते हेच.

१९३० मध्ये बेअर्डच्या कंपनीचा टेलिव्हायझर बाजारात आला. किंमत साधारण २६ पौंड. पडदा इवलासा आणि चित्र निऑन दिव्यामुळे तांबूस. घरातली चकती मिनिटाला बरोबर ७५० फेरे घ्यायला हवी, म्हणजे प्रसारण केंद्रातल्या चकतीइतकेच. वेगात जरा फरक पडला की चित्र तिरकं व्हायचं नाहीतर पडद्यावरून सरकत जायचं. बघणाऱ्याला बटण फिरवत बसावं लागायचं. आज ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटरचा वेग जुळला नाही की चित्र फाटतं, त्याचं मूळ दुखणंही वेळ न जुळण्याचंच आहे.

पण तोपर्यंत दुसरीकडे चित्र बदलत होतं. फिरती चकती पूर्ण काढून टाकून काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनच्या झोतानं चित्र टिपायचं आणि दाखवायचं, यावर अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये जोरात काम चाललं होतं. झोताला वजन जवळपास नाहीच, त्यामुळे तो चकतीपेक्षा कितीतरी जोरात फिरवता येतो. मार्कोनी-ईएमआय कंपनीत आयझॅक शोनबर्ग यांच्या टीमनं असा कॅमेरा तयार केला.

बेअर्डला हे कळत नव्हतं असं नाही. त्याच्या कंपनीनं घरातल्या सेटसाठी काचेची नळी स्वीकारली होती. पण कॅमेऱ्याच्या बाजूला ती मागे पडली. त्यातच १९३३ मध्ये कंपनीतल्या तांत्रिक निर्णयांची सूत्रं बेअर्डच्या हातून गेली. कंपनीवर नाव त्याचं, पण हुकूम दुसऱ्याचा, अशी अवस्था झाली.

२ नोव्हेंबर १९३६ ला बीबीसीनं लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित टीव्ही सेवा सुरू केली. दोन्ही कंपन्यांना आलटून पालटून संधी द्यायची आणि मग एक निवडायची असं ठरलं. बेअर्डची पद्धत २४० रेषांची, समोरची ४०५ रेषांची.

आकड्यांपेक्षाही फरक पडला तो रोजच्या वापरात. बेअर्ड पद्धतीत मुख्य स्टुडिओतला कॅमेरा फिल्मचा होता. शूट झालेली फिल्म लगेच रसायनांच्या टाकीत जायची, साधारण मिनिटभरात धुऊन निघायची आणि ओली असतानाच स्कॅन व्हायची. टाक्या कॅमेऱ्याला जोडलेल्या, त्यामुळे कॅमेरा जागचा हलत नसे. मार्कोनी-ईएमआयचे कॅमेरे मात्र स्टुडिओत फिरत, बाहेर बागेत जात आणि चित्र त्याच क्षणी देत. ज्यांना रोज कार्यक्रम करायचा होता, त्यांना काय हवंसं वाटेल हे सांगायला नको.

घाव इथेच थांबला नाही. ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला भीषण आग लागली. बेअर्ड कंपनीच्या प्रयोगशाळा तिथेच होत्या. बरंचसं सामान जळून गेलं. आणि १९३७ च्या फेब्रुवारीपासून बीबीसीनं फक्त ४०५ रेषांची पद्धत ठेवली. सहा महिन्यांची म्हणून ठरलेली स्पर्धा तीन महिन्यांत संपली. ती ४०५ रेषांची पद्धत ब्रिटनमध्ये पुढे १९८५ पर्यंत टिकली.

इथं बहुतेक गोष्टी संपतात. बेअर्ड हरला, चकती हरली, विषय बंद. पण त्याचं सगळ्यात चांगलं काम यानंतर झालं.

१ सप्टेंबर १९३९ ला दुसऱ्या महायुद्धामुळे टीव्ही सेवा बंद पडली. कंपनी डबघाईला आली. बेअर्डनं मग स्वतःच्या पैशानं, लंडनमधल्या राहत्या घरी प्रयोगशाळा थाटली. शहरावर बॉम्ब पडत होते, तब्येत साथ देत नव्हती आणि शिल्लक संपत चालली होती. तरी १६ ऑगस्ट १९४४ ला त्यानं टेलिक्रोम दाखवला. एकाच काचेच्या नळीतून रंगीत चित्र. नळीत मध्ये एक पारदर्शक पडदा. त्याच्या एका बाजूला तांबडट रंगानं चमकणारा लेप, दुसऱ्या बाजूला निळसर-हिरवा. दोन बाजूंनी इलेक्ट्रॉनचे दोन झोत पडायचे आणि रंग एकमेकांत मिसळायचे. फिरणारा एकही भाग नाही. ज्या चकतीनं त्याला नाव दिलं, तीच त्यानं स्वतःच्या हातानं बाजूला ठेवली होती.

युद्धानंतरच्या टीव्हीचा विचार करणाऱ्या सरकारी समितीपुढे त्यानं १००० रेषांच्या रंगीत टीव्हीचा आग्रह धरला. देशानं मात्र जुनीच ४०५ रेषांची, काळी-पांढरी पद्धत चालू ठेवली. ब्रिटनमध्ये नियमित रंगीत प्रसारण सुरू व्हायला १९६७ उजाडावं लागलं.

बीबीसीची टीव्ही सेवा ७ जून १९४६ ला पुन्हा सुरू झाली. त्यानंतर बरोबर एका आठवड्यानं, १४ जूनला, बेक्सहिल इथे बेअर्ड गेला. वय फक्त ५७.

आज कुठल्याच मॉनिटरमध्ये बेअर्डची चकती नाही. पण मॉनिटरच्या खोक्यावर छापलेली यादी वाचली, तर रेषा, वेग, उजेड, रंग आणि वेळेची जुळणी हे पाचही प्रश्न त्यानं त्या माळ्यावर आणि त्या घरात हाताळलेले दिसतात. त्याची उत्तरं जुनी झाली. पण नवीन हार्डवेअर घेताना एक गोष्ट त्याच्याकडून जरूर घ्यावी. आपल्या हाताला सवयीचं आहे म्हणून जुनं यंत्र धरून ठेवायचं की रोजचं काम काय मागतंय ते बघायचं, हा निर्णय वेळेत घ्यावा लागतो. बेअर्डनं तो घेतला, पण तोवर बीबीसीचा निर्णय होऊन गेला होता.