सुगंधी द्रव्यांचा पारखी : गार्सिया द ओर्ता

कापूर, चंदन, अगरू, लोबान ही द्रव्ये आपल्या देवघरात दरवळतात, तशीच ती वैद्याच्या बटव्यातही असतात. युरोपला त्यांचा यथार्थ परिचय करून देणारा एक महत्त्वाचा ग्रंथ आपल्या गोव्यातच छापला गेला. त्याचे कर्ते पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता.

सोळाव्या शतकाच्या आरंभी, सक्तीने ख्रिस्ती झालेल्या एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. स्पेनमध्ये वैद्यकाचे अध्ययन करून ते १५३४ साली गोव्यास आले. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्यांचा स्नेह होता. हिंदू वैद्य, मुसलमान हकीम आणि दर्यावर्दी व्यापारी या सर्वांना विचारून त्यांनी एकेक द्रव्य पारखले. बोर्निओचा कापूर चिनी कापराहून किती मौल्यवान, चंदन तिमोर बेटाकडून कसे येते, हे त्यांनी नोंदविले. प्राचीन आचार्यांचे मत प्रत्यक्षाशी जुळले नाही, तर ते निर्भयपणे त्याज्य ठरवीत.

हा संवादरूप ग्रंथ १५६३ साली प्रसिद्ध झाला. १५६७ साली क्लूसियसने त्याचा लॅटिन संक्षेप काढला आणि त्याची कीर्ती युरोपभर पसरली.

१५६८ साली ओर्ता निवर्तले. गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून इन्क्विझिशनने १५६९ साली त्यांच्या भगिनीस जाळून मारले. १५८० साली खुद्द ओर्तांच्या अस्थी उकरून जाळल्या. ग्रंथ मात्र अभंग राहिला. ऐकीव मताहून स्वतः पारखलेले सत्य श्रेष्ठ, हीच त्याची शिकवण होय.